ब्रेक लाइट लागते का बघ

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. दारातल्या जुन्या जीपचं काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून. मी इथे नाशिकला, सातपूरच्या कारखान्याचं स्टोअर्स सांभाळलं. माझ्या हाताखालून जितकी वायर गेली तितकी या कॉलनीत कोणी पाहिलेली नाही. शैला म्हणते, तुम्ही वायर द्यायचात, जोडायचे दुसरेच. तिला बारकावे कळत नाहीत.

शैला काल विंचूरला माहेरी गेली. हवापालट. बॅगा जरा मोठ्या होत्या, पण तिला पहिल्यापासून जास्त कपडे घ्यायची सवय. रिक्षात बसताना मी विचारलं, परत कधी. म्हणाली, तुमची जीप चालू झाली की या न्यायला, मग येईन.

इतकं स्पष्ट प्रोत्साहन तिने लग्नापासून दिलं नव्हतं. दसऱ्याला जीप घेऊन विंचूरला जायचं आणि तिला पुढच्या सीटवर बसवून आणायचं. ठरलं.

६ ऑगस्ट
जुनी वायरिंग पूर्ण उपटून काढली. उंदरांनी अर्धी खाल्लेली, उरलेली मागच्या मालकाने चिकटपट्टीवर चालवलेली. अशा वायरिंगवर ही जीप डोंगर चढायची, हे ऐकून अंगावर काटा येतो. आता सगळं नवीन. डोळे मिटून चालवता येईल अशी करणार.

सामान हॉलमध्येच आहे. बाहेर पाऊस, दुसरी जागा नाही. पूर्वी इथे शैलाचा शिवणक्लास चालायचा. गेल्या वर्षी मी तात्पुरतं वर्कशॉप केलं, तेव्हापासून पोरी आपोआप यायच्या बंद झाल्या. कटिंगच्या टेबलावर डॅशबोर्ड छान बसतो. शिलाई मशीन कोपऱ्यात आहे, त्यावर बॅटरीचा चार्जर. शैलाने याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणजे तिची हरकत नव्हतीच.

९ ऑगस्ट
शेजारचा सुनील आला होता. विमा कंपनीत आहे. गाडी जळल्यावरच त्याचा तिच्याशी संबंध येतो. म्हणाला, काका, द्वारका चौकात ऑटो इलेक्ट्रिशियन रांगेने बसलेत, दोन दिवसांत करून देतील, कशाला जीव काढता.

मी त्याला सांगितलं, बायकोला आणायला जायचं ती गाडी मी परक्याच्या हातात देत नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भारावला असणार.

१२ ऑगस्ट
छोटी अडचण. कारखान्यातलं वायरचं जे भेंडोळं माझ्याकडे आहे ते सगळं लाल. जीपला दहा रंगांच्या वायर लागतात, नाहीतर कुठली कुठे जाते कळत नाही.

यावर मी काढलेला उपाय कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. शैलाच्या शिवणाच्या डब्यात रंगीत दोऱ्यांची रिळं आहेत. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकेका रंगाचा दोरा गुंडाळायचा. हेडलाइट पिवळा, हॉर्न गुलाबी, ब्रेक लाइट राणी, इंडिकेटर मोरपंखी. डबा अर्धा रिकामा झाला. आल्यावर बघून खूश होईल.

१८ ऑगस्ट, रविवार
शैलाला फोन. तिच्या भावाने उचलला. सहादू. कांदा, झेंडू, एक पिकअप आणि मोठा आवाज. म्हणाला, दाजी, आक्का कामात हाय, थांबा देतो. शैला आल्यावर मी तिला चासीला दिलेल्या काळ्या रंगाबद्दल सांगितलं. दोन हात. आरशासारखा चकचकीत. एक स्क्रूसुद्धा उघडा ठेवला नाही.

तिने विचारलं, आधी रंग की आधी वायरिंग?

मी हसलो. हा काय प्रश्न झाला? घर बांधताना आधी भिंती की आधी पडदे? तिला समजावून सांगितलं की गाडीत परतीची वायर नसतेच, बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडालाच जोडतात आणि दिवा लोखंडावर घट्ट बसला की तो आपोआप पेटतो. ते लोखंड सुंदर दिसायला नको? ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला. पटलं तिला.

२४ ऑगस्ट
हेडलाइट जोडली. लागली! इतकी मंद की तिच्याकडे सरळ बघता येतं. डोळ्यांना त्रास नाही. समोरून येणाऱ्यांचाही विचार व्हायला हवा.

३१ ऑगस्ट
ट्यूबच्या उजेडात मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतात. हे दोरा बनवणाऱ्यांना कळत कसं नाही? वायपर चालू केला की डावा इंडिकेटर लागतो. सगळं सोडून परत बांधलं. मग उजवा लागला. प्रगती आहे.

स्वयंपाक होत नाही. कोपऱ्यावरच्या खानावळीतून डबा लावला. भाजीला चव नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, घरच्यासारखं हवं तर घरी जेवा.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
गणपतीला शैला येईल असं वाटलं होतं. आली नाही. तिला शब्दाची फार किंमत. जीप चालू झाली की, म्हणजे झाल्यावरच. मीही आग्रह केला नाही.

लेक मृण्मयी पुण्याहून आली. मूर्ती ठेवायला जागा हवी म्हणून तिने कटिंगच्या टेबलावरचा डॅशबोर्ड उचलला, त्यात राणी रंगाचे दोन दोरे सुटले. मी ओरडलो. तिने उलटं मलाच सुनावलं की आई विंचूरला क्लाससाठी जागा बघतेय, तुला माहीत आहे का. मी म्हटलं, तिला वेळ जायला काहीतरी हवंच. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, बाबा, तुला खरंच कळत नाहीये का?

म्हटलं, कळतंय. इंडिकेटरच्या फ्लॅशरमध्ये दोष आहे.

तिने उकडीचे मोदक केले. बरे होते, पण शैलाच्या मोदकांना कळ्या जास्त असतात. हे बोलून दाखवायला नको होतं. संध्याकाळच्याच बसने परत गेली.

१५ सप्टेंबर, रविवार
ब्रेक लाइट. या कामात एक मूलभूत गैरसोय आहे आणि ती जीप बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ब्रेकचं पेडल पुढे, दिवा मागे. एकट्या माणसाला दाबताही येत नाही आणि बघताही येत नाही.

पेडलवर वीट ठेवून मागे पळालो. वीट घसरली. मग शैलाच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा मागे उभा केला. तो पडला. दोष आरशाचा, त्याच्या मागे स्टँडच नव्हतं.

शेवटी सुनीलला हाक मारली. तो मागे उभा राहिला. मी दाबलं. म्हणाला, लागली. मग म्हणाला, नाही, ती इंडिकेटर आहे. मग म्हणाला, काका, आता सगळंच लागलं, दिवाळी आहे का तुमच्याकडे? आणि एकटाच हसत सुटला.

शैला कधी अशी थट्टा करत नसे. मागच्या वर्षी अख्खा पावसाळा संध्याकाळी ती जीपच्या मागे उभी राहायची. हाताला कणीक असायची, गॅसवर काहीतरी असायचं. मी आतून ओरडायचो, ब्रेक लाइट लागते का बघ. ती म्हणायची, लागली. मी परत दाबायचो. नाही लागली. एवढंच. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता हे सांगायची. असं शांतपणे मागे उभं राहणारं माणूस मिळणं कठीण आहे, हे मला आत्ता सुनीलकडे बघून कळलं.

शैला आली की पहिलं काम हेच. तिला सवय आहे.

२२ सप्टेंबर
फोन केला. शैला घरी नव्हती. वहिनी, म्हणजे सहादूची बायको सरिता, म्हणाल्या, आक्का लासलगावला गेल्यात, कापड आणायला. कसलं कापड विचारलं तर म्हणाल्या, पोरी यायला लागल्यात ना शिकायला. मशीन एकच हाय, तेही माझं जुनं.

म्हटलं, तिचं स्वतःचं मशीन इथे सुरक्षित आहे. माझ्या हातून जरा तेल-बिल सांडतं त्यावर, पण मशीनलाही तेल लागतंच.

वहिनींनी फोन ठेवला. खेड्यातली माणसं मितभाषी असतात.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
इंजिन चालू झालं! काळा धूर, कानठळ्या, पण चालू. फक्त तीन गोष्टी राहिल्या. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर लागतात आणि हॉर्न बारीक आवाज काढतो. हेडलाइट लावली की पेट्रोलचा काटा टाकी पूर्ण भरलेली दाखवतो. आणि चोकची तार कधी कधी गरम होते. तिसरी गोष्ट विशेष नाही. ती तार आहे, वायर नव्हे, तिच्यात करंट असायचं कारणच नाही.

सुनीलने परत द्वारकेचं काढलं. मी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
उद्या दसरा. जीप धुतली. काळा रंग अजून चकचकीत आहे. नवा सदरा इस्त्री केला. कोहिनूर हिऱ्यासारखी दिसते गाडी. शैला बघतच राहील.

हॉल आवरायचा होता. मग विचार केला, तिला तिच्या पद्धतीने आवरायला आवडतं.

१२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी पूजा. हळदकुंकू, बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू. पहिल्याच झटक्याला चालू झाली. सुनील गॅलरीतून टाळ्या वाजवत होता. त्याला हात केला, क्षमा केली.

द्वारकेपर्यंत अप्रतिम. द्वारकेला दसऱ्याची ही गर्दी. ब्रेक दाबावा लागला. दोन्ही इंडिकेटर लागले आणि हॉर्न सुरू झाला. ब्रेक सोडला, हॉर्न थांबेना. आजूबाजूचे सगळे मलाच शिव्या देऊ लागले की कशाला वाजवतोस. मागचा रिक्षावाला म्हणाला, आजोबा, नक्की जायचं कुठं, ते तरी ठरवा. आजोबा! मग डॅशबोर्डखालून धूर. चोकची ती तार लालभडक. मी बॅटरीची वायर उपसली. सगळं एकदम शांत झालं, आणि जीप चौकाच्या मधोमध.

बरोबर त्या इलेक्ट्रिशियनांच्या रांगेसमोर. सणामुळे दुकानं बंद होती. देवाने तेवढी लाज राखली.

सहादूला फोन केला. तो झेंडू विकायला नाशिकलाच आला होता. रिकामा पिकअप घेऊन आला, जीपला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, दाजी, गाडी लय भारी दिसती, पण आता घरी नेऊ का विंचूरला? मी म्हटलं, विंचूरला. मी शब्दाचा पक्का आहे.

दोर बांधला. पुढे पिकअप, मागे मी स्टिअरिंगवर. चांदोरी गेलं, निफाड गेलं. रस्त्यावरची पोरं हात करत होती. मीही केला. आपटा आणि झेंडू लावलेली जीप, त्यांना दोर कुठे दिसणार.

गावाच्या अलीकडे मी सहादूला थांबवलं. दोर सोड, म्हटलं. त्याच्या घराकडे उतार आहे. तू मागून ढकल, मी न्यूट्रलमध्ये अंगणात आणतो. तो म्हणाला, दाजी, आक्काला कळंल. मी म्हटलं, तू ढकल.

अंगणात अगदी व्यवस्थित थांबलो. शैला बाहेर आली. गळ्यात टेप होता, मोजमापाचा. मी खाली उतरून म्हटलं, चालू झाली. न्यायला आलोय.

तिने जीपकडे पाहिलं. मग धापा टाकणाऱ्या सहादूकडे पाहिलं. पुढे आली आणि बॉनेटवर, स्वस्तिकाच्या शेजारी, तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. गार होतं.

म्हणाली, जेवून जा. पुरणपोळी आहे.

जेवलो. तिने दोनदा तूप वाढलं.

१३ ऑक्टोबर
एसटीने परत. जीप सहादूच्या शेडमध्ये, कांद्याच्या चाळीशेजारी. मुद्दाम ठेवली. जीप तिथे म्हणजे मी अर्धा तिथे. शैलाला रोज उठून दिसेल.

पराभव नाही. जीप विंचूरला पोचली. कशी पोचली हा तपशील झाला.

२० ऑक्टोबर, रविवार
घर फार शांत आहे. जीप नसल्याने अंगण मोकळं. हॉलमध्ये दोऱ्यांचे तुकडे पडलेत सगळीकडे, पायात येतात. झाडले नाहीत. वायरिंग पुन्हा करताना कुठला रंग कशाचा ते त्यांवरूनच कळेल.

२५ ऑक्टोबर
मृण्मयीचा फोन. आईने जीप लासलगावच्या इलेक्ट्रिशियनकडे दिली.

मला न विचारता! माझी सगळी वायर काढून टाकली म्हणे. राणी, गुलाबी, मोरपंखी, सगळी. जिथे दिवे बसतात तिथला रंग खरवडला, रंगातून करंट जात नाही म्हणे. माझा दोन हातांचा रंग! मी मृण्मयीला म्हटलं, हे ठीक नाही. ती म्हणाली, बाबा, आईला गाडी लागणार आहे म्हणून. मी म्हटलं, कशाला लागणार? ती म्हणाली, आईलाच विचार.

विचारलं नाही. माझाही काही स्वाभिमान आहे.

२९ ऑक्टोबर
सहादूचा फोन. दाजी, जीप चालू झाली. एकदम टकाटक. हेडलाइट अशी की समोरचा माणूस हात आडवा धरतो.

संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा लक्षात आलं. अरे, जीप चालू झाली! तिची अट काय होती? जीप चालू झाली की येईन. कोणी चालू करायची हे तिने म्हटलंच नव्हतं. म्हणजे तिनेच, स्वतः पुढाकार घेऊन, आपलीच अट पूर्ण केली. मी रागावलो होतो, आणि ती इतक्या लांबून घरी यायची तयारी करत होती. बायकांचं मन समजायला वेळ लागतो. रस्त्यातच एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

सहादूला परत फोन केला, कधी येताय. म्हणाला, आक्का म्हणती पाडव्याला. पाडव्याला मुहूर्त हाय.

पाडवा! नवऱ्याला ओवाळायचा दिवस. तिच्यासारखी तीच.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पूर्ण दिवस हॉल आवरला. पहिल्यांदाच. वायरचं भेंडोळं, जुने फ्यूज, सगळं मागे टाकलं. चार्जर हलवला. मशीनवर डाग पडलाय, रॉकेलने पुसला, थोडा उरला. शिवणाचा डबा होता तिथे ठेवला. उघडून पाहिला तर बहुतेक रिळं रिकामी, नुसत्या पुंगळ्या. मिटून ठेवला.

ओवाळणीसाठी पैठणी आणली, मोरपंखी. दुकानातल्या बाईला दोनदा विचारलं, ही नक्की मोरपंखीच ना, हिरवी नाही ना.

२ नोव्हेंबर, पाडवा
लवकर उठून उटणं लावून अंघोळ. हॉलच्या मधोमध पाट मांडला. भोवती रांगोळी मलाच काढावी लागली, वाकडी आली. तबक, निरांजन, सुपारी, अक्षता. तिला आल्यावर शोधायला नको. पैठणी पाटाशेजारी.

जीपचा आवाज कोपऱ्यापासून ओळखला. हॉर्न एकदाच वाजला आणि थांबला. बाहेर आलो. सहादू चालवत होता, शैला पुढच्या सीटवर. मी ठरवलं होतं तशीच, पुढच्या सीटवर. झेंडूचा हार. उजेडातसुद्धा हेडलाइट चकाकत होती.

शैला आत आली. हॉल बघून क्षणभर दारातच थांबली. पाट बघितला, तबक बघितलं. मी पाटावर जाऊन बसलो. खरंच बसलो. टोपीसुद्धा घातली होती.

ती म्हणाली, अहो, पाट जरा बाजूला घ्या. मशीन बाहेर काढताना अडतोय.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. आज पाडवा, साडेतीन मुहूर्तांपैकी. विंचूरला तिने गाळा घेतलाय, आजपासून क्लास तिथे. पोरी वाट बघतायत, मशीन दुपारच्या आत लागायला हवं. परत कधी, हे मी विचारलं नाही. बॅगांबद्दलही नाही. तिने ते सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी उठलो. पाट उचलून भिंतीला लावला. मशीनची एक बाजू सहादूने धरली, दुसरी मी. रांगोळी पायाखाली आली. कटिंगचं टेबलही नेलं. शिवणाचा डबा तिने उघडून पाहिला, रिकाम्या पुंगळ्या पाहिल्या, झाकण लावलं आणि बरोबर घेतला. पैठणी मी तिच्या हातात दिली. तिने घेतली नाही. म्हणाली, मृण्मयीला द्या.

सामान मागे बांधलं. ती पुढे बसली, मग मान वळवून म्हणाली, अहो, मागे जड झालंय, दोर दिव्यावर आलाय का बघा. सहादू दाबतोय. ब्रेक लाइट लागते का सांगा.

मी मागे जाऊन उभा राहिलो. सहादूने दाबलं. दोन्ही बाजूंनी, लालबुंद, स्वच्छ. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, काही नाही. नुसती ब्रेक लाइट.

म्हटलं, लागली.

ती सहादूला म्हणाली, चल.

कॉलनीच्या टोकाला गतिरोधक आहे. तिथे जीप हळू झाली आणि दिवे पुन्हा लागले. आता कोणी विचारलं नव्हतं. मी तबक घेऊन फाटकात उभा होतो, निरांजन विझलेलं. तरी तोंडातून आलंच, लागली.